चिखलातली शेवंड

शनिवारी दुपारी, डबे उघडायच्या जरा आधी, सर माझ्या टेबलापाशी आले आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, "हे अकरा ठिपके दिसतायत ना किनाऱ्याजवळ? नॉईज आहे तो. डिलीट कर. सोमवारी नकाशा जायचाय."

मी "हो सर" म्हटलं. तीन वर्षांत त्यांना दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

ते गेल्यावर मी ठिपके निवडले. निवडलेला ठिपका पिवळा होतो आणि खालच्या तक्त्यात त्याची ओळही पिवळी होते. फॉर्मचा नंबर, होडीचा नंबर, किती वाव खोल पाणी, कुठला मासा. अकराही ओळींत होडीचा नंबर एकच होता. तो मला पाठ होता. शाळेत असताना मीच तो पांढऱ्या रंगाने त्या होडीवर काढला होता, आणि शेवटचा आकडा वाकडा आला म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. होडी माझ्या बापाची.

माझा हात माउसवरून खाली आला. आधी भीती वाटली ती बापाची नव्हे, नोकरीची. हे खरं आहे म्हणून लिहिते.

नोकरी म्हणजे काय होती ते सांगायला हवं. नववीची सहामाही झाली आणि माझी शाळा सुटली. आईच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला, हात कोपरापर्यंत सुजला, आणि मालवणच्या बाजारात माशांची पाटी घेऊन मी बसायला लागले. हात बरा झाला पण मूठ पुरती वळेना, मग मी बसलेली ती बसलेलीच. दोन हजार तीन साली मावशीला जुळी झाली. मावशीचे यजमान पोस्टात, बदली नागपूरला. सहा महिने मदतीला म्हणून मला पाठवलं. समुद्रापासून इतकं लांब कोणी राहतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

मावशीच्या वरच्या मजल्यावर मॅडम राहायच्या. एकदा त्यांच्याकडे तलावातला मोठा मासा आला आणि तो कोणाला कापता येईना. मी विळीवर बसून कापून दिला. मॅडम तो मासा सोडून माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुझा हात हलत नाही वं अजिबात. माउस धरशील का?" मी म्हटलं, उंदीर? त्या इतक्या हसल्या की जुळी उठली.

मॅडम एका खाजगी कंपनीत नकाशांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. कागदावरचे नकाशे संगणकात उतरवायचं काम. रेषेवरून रेष ओढायची, हात हलता कामा नये. त्यांनी मला शिकवलं, कामावर घेतलं, आणि अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात काहीही न लिहिता सही ठोकली. "कोणी विचारलं तर मी पाहीन," म्हणाल्या. तीन वर्षं कोणी विचारलं नाही. पण रोज सकाळी जिना चढताना मला वाटायचं, आज विचारतील. मॅडमच्या उपकाराखाली मी होते आणि अजून आहे. म्हणूनच त्या शनिवारी मला जास्त घाम फुटला. मी काही केलं तर जाब त्यांना विचारला जाणार होता.

आता ते ठिपके. आमच्याच किनाऱ्यावर एका खाडीच्या तोंडाशी बोटी लागायला धक्का व्हायचा होता. त्यासाठी खाडीतला गाळ उपसायचा आणि समुद्रात नेऊन टाकायचा. कुठे टाकायचा? जिथे कोणी मासे मारत नाही तिथे, आणि होता होईतो किनाऱ्याजवळ, म्हणजे गाळ वाहणाऱ्या बार्जच्या फेऱ्या आखूड. मासे कुठे मारतात हे शोधायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. कॉलेजच्या पोरांनी काही महिने किनाऱ्यावर बसून, होडी लागली की फॉर्म भरले: कुठल्या दिशेला गेला होता, किती वावात, काय मिळालं. ते सगळं नागपूरला आलं आणि प्रत्येक फॉर्मचा नकाशावर एक ठिपका झाला.

त्या ठिपक्यांतून अर्थ काढायचं काम सरांचं. ते मोठे शिकलेले, पुण्याचे. ह्याला डेटा मायनिंग म्हणतात असं त्यांनी आम्हा मुलींना एकदा फळ्यावर समजावलं होतं, आणि ते समजावत चांगलं, हे कबूल केलं पाहिजे. ढिगातून सोनं काढण्यासारखं, म्हणाले. संगणकाला दोन गोष्टी सांगायच्या. किती अंतरातल्या ठिपक्यांना शेजारी मानायचं, आणि किती शेजारी जमले की वस्ती म्हणायची. मग तो आपणच वस्त्या शोधतो. ज्याला तेवढे शेजारी नाहीत, तो नॉईज. चुकून पडलेला. काढून टाकायचा.

वस्ती झकास सापडली होती. किनाऱ्यापासून खूप बाहेर, सोळा वावाच्या पाण्यात, लालभडक आणि गच्च. सर खूश होते. एवढं स्वच्छ क्लस्टर प्रत्यक्ष माहितीत सहसा मिळत नाही, म्हणाले. किनाऱ्याजवळचा सगळा पट्टा मोकळा, फक्त ते अकरा.

मला मात्र तो लाल डाग बघून आठवडाभर कसंसं होत होतं, आणि का ते कळत नव्हतं. होडीचा नंबर बघितला आणि कळलं.

आमच्याकडे होडी लागली की किनाऱ्यावर कोणी विचारतंच, "खंय गेल्लंस रे?" आणि उत्तर ठरलेलं असतं. "भायर, सोळा वावात." आजा हेच म्हणायचा, बाप हेच म्हणतो. म्हणजे, विचारू नको. आपला खडक कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या मेव्हण्याला सांगत नाही. विचारणाऱ्यालाही माहीत असतं, तोही मान हलवून पुढे जातो, त्यात कोणाला राग नाही की लोभ नाही. फॉर्म घेऊन बसलेल्या पोरांना तेवढं कोण सांगणार? त्यांनी विचारलं, ह्यांनी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. सोळा वाव, बाहेर. सगळ्या गावांनी, सगळ्या होड्यांनी. आणि नागपुरात बसलेल्या संगणकाला त्यातून सोनं सापडलं.

पण मग माझ्या बापाने खरं कसं सांगितलं? कारण ते अकरा ठिपके खऱ्या जागी होते. ती जागा मला माहीत होती. लहानपणी मी तिथे गेले होते. देवळाचं टोक आणि मागच्या डोंगराची खांड, म्हणजे खाच, एका रेषेत आली की नांगर टाकायचा.

मी डिलीट केलं नाही. काम सेव्ह केलं, डबा न खाता घरी आले, मावशीला डोकं दुखतंय म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला मी घरी फोन करायची. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानात बाप येऊन बसायचा.

"बाबा, आपल्याकडे फॉर्म भरूक कोण इल्ले काय?"

"इल्ले मगे. चार झील नि एक चेडू, कॉलेजची पोरां. एक दिवस होडयेर बसले. ओकान ओकान अर्धे झाले. मगे होडी लागता थंयच बसान इचारीत."

"तुमी काय सांगलात?"

"कित्याक गो?"

"सांगा तर."

त्याचा आवाज खाली आला. "खरां सांगलंय."

"कित्याक?"

"अगो, तो झील म्हणालो, ह्यां सगळां कम्प्युटरात जातला, नकाशो होतलो. म्हटलंय, माझां चेडू ताच करता थंय. चेडवाच्या हातीत खोटां कित्याक देव?" मग घाईघाईने, "ह्यां हयसर कोणाक सांगू नको हां. माका रापणीर चार माणसांत बसूक देवचे नाय."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "बाबा, तुमचां तां खरां माका पुसूक सांगल्यानी."

"पुसूक? कित्याक?"

"एकट्याचां आसा म्हणान. बाकी सगळ्यांनी सोळा वाव सांगल्यानी. कम्प्युटराक तुमी एकटेच खोटे दिसतात."

"तेच्या आवशीक!" तो म्हणाला. आणि हसला. मग मी गाळाचं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं.

"खडकार टाकतले?"

"थंय कोण मासे मारी नाय असां दिसता नकाशात. म्हणान."

"गाळ पडलो काय खडक मेलो," तो म्हणाला. "मगे तू काय करतलंस?"

"माझी नोकरी आसा बाबा. माझ्याकडे धावीचो कागद नाय. मॅडमीक पण..."

"तां माका काय कळणा नाय, बाय," तो म्हणाला. "तुझां काम, तुका कळात."

एवढंच. कर म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. त्याने हुकूम केला असता तर बरं झालं असतं, निदान नंतर त्याच्यावर ढकलता आलं असतं.

दिवसभर मी पुरावा शोधत होते. माझा बाप खरं बोलतो, हा काही पुरावा नव्हे. संध्याकाळी मावशीने तळायला सुरमई काढली. नागपूरला येऊन पोचेपर्यंत तिच्यात काही उरलेलं नसतं, तरी सवयीने मी कल्ला उघडून बघितला. आणि मला आईची आठवण झाली.

आई बाजारासाठी मासा घेताना आधी कल्ला उलगडायची. ताजा आहे का ते बघायला सगळेच उलगडतात. ती आत काय अडकलंय ते बघायची. करडा चिकट चिखल असेल तर मासा बाहेरच्या पाण्यातला. स्वच्छ असेल, पोटात कुर्लीच्या नांग्यांचे तुकडे असतील, तर खडकावरचा, आणि खडकावरच्या माशाला ती विकताना दोन पैसे जास्त सांगायची. काही मासे तर उघडायचीही गरज नाही. गोबरा, तांबोशी, शेवंड ही खडक सोडून जातात कुठे? ढोमा, लेपा, सुंगटं चिखलावाळूतली. किनाऱ्यावरचे पुरुष "भायर, सोळा वावात" म्हणत पाटी पुढे सारायचे आणि आई मान वर न करता म्हणायची, "घोव खोटां सांगतलो. मासो कित्याक सांगात?"

फॉर्म भरणाऱ्या पोरांना जागा खोटी सांगितली होती. पण मासे समोर टोपलीत पडलेले होते. त्याबद्दल कोण खोटं बोलणार?

माशांच्या नावांची यादी मीच केली होती. ऑफिसात कोणाला मासे कळत नव्हते. आलेले फॉर्म संगणकात भरणारी वर्ध्याची मुलगी म्हणाली होती, "बापरे, इतके प्रकार असतात? आमच्याकडे मच्छी म्हणजे मच्छी." म्हणून मी प्रत्येक माशाला एक नंबर दिला होता आणि मुलींनी नुसते नंबर भरले होते. सरांना फक्त नंबर दिसत होते. शेवंड त्यांच्या लेखी एकवीस.

आणि तळ कुठे कसा आहे हे माझ्याकडेच होतं. बंदरांचे जुने नकाशे असतात, त्यांत खोलीच्या आकड्यांशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. चिखल असेल तिथे एम, खडक असेल तिथे आर. ती अक्षरं भिंगातून वाचून एकेक करून मी संगणकात बसवली होती. त्याचा एक वेगळा थर करून ठेवला होता आणि त्या कामात तो कोणी उघडलाही नव्हता.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि दोन थर एकावर एक ठेवले.

सर आले. "झालं?"

"नाही सर."

"म्हणजे? विसरलीस?"

"विसरले नाही. केलं नाही."

त्यांनी खुर्ची ओढली. रागावले नव्हते अजून, नुसते चकित झाले होते. त्यांच्या माउसने आज्ञा मोडली असती तर जसे झाले असते तसे.

"सर, चिखलात शेवंड मिळते?"

"शेवंड म्हणजे?"

"कोड एकवीस. लॉब्स्टर."

"मला काय माहीत? मिळत असेल."

"नाही मिळत. चौदाचा गोबरा पण नाही, सतराची तांबोशी पण नाही. ही सगळी खडकातली." मी ते तीन कोड निळे केले. लाल वस्ती अर्ध्याहून जास्त निळी झाली. मग खालचा थर चालू केला. वस्तीखाली एम, एम, एम. एकसुद्धा आर नाही. "इतक्या होड्यांनी इतकी शेवंड चिखलातून काढली असं आपला नकाशा म्हणतो. हे खरं असेल तर सगळ्या मालवणाने तिथे जाऊन राहावं."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मीच घाबरले. आजूबाजूच्या मुली माना खाली घालून ऐकत होत्या.

सर स्क्रीनवर वाकले. मग म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, ही एवढी माणसं खोटं बोलली आणि ह्या अकरा ठिपक्यांचा एकटा माणूस खरं?"

"होय."

"एवढी माणसं एकसारखं खोटं कशाला बोलतील?"

"आमच्याकडे विचारणाऱ्याला जागा सांगत नाहीत. सगळे एकच उत्तर देतात. पद्धत आहे ती."

"आणि ह्याने का सांगितली?"

मला टाळता आलं असतं. "तो माझा बाप आहे, सर."

सरांनी खुर्ची मागे घेतली. आता ते रागावले. "मग तर संपलंच. तुझ्या घरची माणसं त्यात आहेत आणि तू मला डेटा शिकवतेस? हे बाहेर कळलं तर कंपनीचं नाव जाईल. भावना घरी ठेवायच्या. तुझं शिक्षण काय गं?"

तीन वर्षं जिना चढताना ज्याला भ्यायले तो प्रश्न शेवटी आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. "नववी," मी म्हटलं. "तीही अर्धी."

मॅडम केव्हा आल्या होत्या कोण जाणे. माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "तिला मी घेतलं. अर्जावर सही माझी आहे. त्याचं काय ते माझ्याशी बोला. पण आधी मले हे सांगा, चिखलात शेवंड आली कुठून?"

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"मी आयुष्यात समुद्र पाहिला नाही बाप्पा. मी विचारून राहिली."

सर स्वतःच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. नकाशा त्या दिवशी गेला नाही. मंगळवारीही गेला नाही. मी येत होते, बसत होते, कोणी मला काम देत नव्हतं. मॅडमनी डबा पुढे केला तो मी तसाच परत सारला. काढतील तर दोघींना काढतील, हा एकच विचार. मॅडम म्हणाल्या, "खा वं. उपाशी राहिल्याने खडक वाचत नाही."

बुधवारी सरांनी बोलावलं. टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी प्रत्येक होडीचा मासा आणि तिने सांगितलेल्या जागेचा तळ ताडून बघायला संगणकाला लावलं होतं, एकेक नियम मांडून. माझ्या बापाची होडी वगळून, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. "तुझे अकरा नसले तरी तेच येतं," म्हणाले. "जागा खोटी आहे." मग जड आवाजात, "मी हे आधी करायला हवं होतं." असं म्हणायला शिकलेल्या माणसाला किती लागत असेल ते मला कळतं. त्याबद्दल मी त्यांना मानते. पुढे ह्याच पडताळणीवर त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला. त्यात माझा उल्लेख नव्हता. त्याबद्दल मानत नाही.

पण गाळाचा प्रश्न तसाच होता. धक्क्याचं काम ज्यांचं होतं त्यांच्याकडून एक साहेब आले. वयस्कर, शांत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. म्हणजे हे अकराच खरे. मग हेच छापू. ही जागा सोडू, बाकी मोकळं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या खोलीत पाणी द्यायला नव्हे, नकाशा चालवायला बसले होते, तरी पाणी देणाऱ्यासारखीच बसले होते. मी म्हटलं, "नाही, साहेब."

"काय नाही?"

"ते छापायचे नाहीत."

"अहो, तुम्हीच तर म्हणता ते खरे आहेत."

"खरे आहेत म्हणूनच. हा अहवाल कुठे कुठे जातो?"

"सगळीकडे. सरकारी कचेऱ्या, वाचनालयं. मागेल त्याला."

"मग बाहेरचे ट्रॉलर एका मोसमात तो खडक खरवडून नेतील. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, आकडे घातले की थेट जागेवर. गाळ टाकला काय आणि हे आकडे छापले काय, खडकाला सारखंच."

"आणि बाकी मोकळं म्हणालात," मी पुढे म्हटलं, आता सुटलेच होते, "तर बाकीच्यांनी शेवंड कुठून आणली? त्यांचे खडक आम्हाला माहीत नाहीत म्हणजे ते नाहीत असं नाही."

साहेब हसले. "मग गाळ कुठे टाकू नये हे मी कसं दाखवू? जागा सांगायची नाही, आणि वाचवायची पण."

मी माउस घेतला. उत्तरेच्या टोकापासून खाडीच्या तोंडापर्यंत, आणि किनाऱ्यापासून दहा वावाच्या रेषेपर्यंत, सबंध पाणी एका रेषेने बंद केलं आणि आत तिरक्या रेघा मारल्या. हात अजिबात हलला नाही.

"केवढं हे!" सर म्हणाले.

"एवढंच आहे. जुन्या नकाशावरचे सगळे खडक ह्याच्या आत आहेत. मोजून घ्या. ह्यातला कुठला कोणाचा, ते नकाशाला कळायची गरज नाही. गाळ ह्याच्या बाहेर, चिखलावर टाका. चिखल चिखलावर."

"फेऱ्या लांब होतील," साहेब म्हणाले.

"होऊ देत."

असं कोणाला तोंडावर बोलायची मला सवय नव्हती. बाजारात होती, पण ती सुटली असं वाटत होतं. त्यांनी थर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघितले, खडक मोजले, आणि शेवटी "ठेवा" म्हणाले. मग त्यांच्या देखतच मी ते अकरा ठिपके निवडले, पिवळे झाले, आणि पुसले. शनिवारी सांगितलेलं काम. सरांकडे त्यांची प्रत होती, त्यांना केव्हाही परत आणता आले असते. त्यांनी आणले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

गाळ रेघांच्या बाहेर पडला. बापाने फोनवर सांगितलं की बार्ज लांब जाताना दिसते, आणि गावात म्हणतात की देवाने वाचवलं. मी म्हटलं, म्हणू दे.

वर्षभराने सरांनी मला केबिनमध्ये बसवलं. बसवलं म्हणजे खुर्ची दिली. नवीन सर्वेक्षण निघालं होतं, वेंगुर्ल्यापासून देवगड-जामसंड्यापर्यंत सगळा किनारा. "ह्या वेळी फील्डवर तू जा," म्हणाले. "सुपरवायझर म्हणून. जेवण-राहणं कंपनीचं, आणि तसंही तू तुझ्या घरीच राहशील. तू त्यांची भाषा बोलतेस. तुला ते खरं सांगतील."

काम तीन महिन्यांचं. घरी जाऊन मला चार वर्षं होत आली होती. आईची मूठ आता कितपत वळते ते बघायचं होतं. आणि सुपरवायझर. नववी अर्धी, आणि सुपरवायझर. मॅडमना किती आनंद झाला असता. मी एक दिवस मागून घेतला, तोही उगाच, कारण उत्तर मला खुर्चीवर बसल्या बसल्या माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "नाही जाणार, सर."

"का? घाबरतेस?"

"हो. ते मला खरं सांगतील म्हणून."

त्यांना ते कळलं, पण पटलं नाही. "मग लेखी दे," म्हणाले. "वरती दाखवायला लागेल."

मी लेखी दिलं. कोऱ्या कागदावर, नववीतल्या अक्षरात. लिहिलं की, मी गेले तर तिथले लोक मला आपापल्या जागा सांगतील याची मला खात्री आहे. ती माहिती एकदा आपल्या संगणकात आली की ती कोणाकडे जाईल याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. सबब हे काम मी करणार नाही. खाली नाव आणि सही, आणि शिक्षण विचारलं नव्हतं तरी तेही लिहिलं. मॅडमनी वाचलं, आपली सही त्याखाली केली आणि फाइलला लावून दिलं.

मला काढलं नाही. वरही घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात नागपूर भाजून निघत होतं, आणि मी कूलरसमोर बसून यवतमाळकडच्या शेतांचे बांध ओढत होते. मावशी विचारायची, "गावाक जायत होतंस ना गो?" मी म्हणायचे, रजा मिळाली नाही.